काळी ट्रान्स ॲम, लाल दिवा: 'किट' घरी घडवताना

'नाइट रायडर' ही टीव्ही मालिका आणि तिच्यातली 'किट' ही बोलणारी काळी गाडी बघत वाढलेल्या माणसाला गाडी घेण्याआधीच स्कॅनर, म्हणजे तिच्या नाकात इकडून तिकडे धावणारा लाल दिवा, घ्यायचा मोह होतो. मलाही झाला होता. ओहायोतल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी येण्याच्या वर्षभर आधीपासून लाल दिव्यांची एक पट्टी बाकावर इकडून तिकडे पळत होती. पुढे नाकाचा फायबरग्लासचा भाग हातात आला, त्यातल्या खाचेचं माप वेगळं निघालं आणि ती पट्टी कपाटात गेली. तेव्हापासून जो कोणी विचारतो त्याला मी एकच क्रम सांगतो: आधी चालणारी गाडी, मग पत्रा आणि रंग, मग वायरिंग, मग डॅशबोर्ड, आणि स्कॅनर सगळ्यात शेवटी. पुढचा सगळा मजकूर याच क्रमाने आहे.

आधी ठरवा, नक्की कोणती किट?

अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ही मालिका २६ सप्टेंबर १९८२ ला सुरू झाली आणि एप्रिल १९८६ मध्ये संपली. निर्माते ग्लेन लार्सन. मायकेल शेफी यांनी त्या वर्षी नुकत्याच बाजारात आलेल्या नव्या पिढीच्या पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲमला किटचं रूप दिलं. चार सीझनमध्ये ही गाडी एकसारखी राहिली नाही, आणि नवख्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. सुरुवातीच्या भागांत किट बोलते तेव्हा डॅशवर नुसता एक लाल चौकोन लुकलुकतो. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेले तीन उभे लाल पट्टे पहिल्या सीझनच्या मध्यात आले. पहिल्या दोन सीझनच्या डॅशवर दोन छोटे टीव्ही आहेत, तिसऱ्या आणि चौथ्यात एकच. चौथ्या सीझनमध्ये जॉर्ज बॅरिस यांनी 'सुपर परस्यूट मोड'साठी बाहेर सरकणारे पंख आणि झडपा दिल्या, शिवाय छत उघडणारी किटही त्याच सीझनची.

एका गाडीत हे सगळं कोंबलं तर लांबून किट दिसते, पण जवळ आलेल्या जाणत्याला पाच मिनिटांत कळतं की अशी गाडी पडद्यावर कधी नव्हतीच. म्हणून एक सीझन निवडा. जमलं तर एकच भाग निवडा आणि त्याचं नाव कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला चिकटवा. माझा सल्ला दुसऱ्या सीझनचा. दोन टीव्हींचा डॅश, तीन पट्ट्यांचा आवाजाचा दिवा, आणि हलणारे पंख काही नाहीत.

चित्रीकरणात एकाच वेळी अनेक गाड्या वापरल्या गेल्या, हेही ध्यानात ठेवा. जवळून दाखवायची गाडी वेगळी. उड्यांसाठी नंतरच्या काळात हलक्या सांगाड्यावर फायबरग्लासची टरफलं चढवलेल्या गाड्या होत्या. 'किट स्वतः चालते' अशा दृश्यांसाठी तर चालकाला सीटच्या खोट्या आवरणात लपवलं जायचं. उडीच्या दृश्यावरून नाकाची ठेवण किंवा दोन भागांमधली फट ठरवायला गेलात तर हमखास चुकाल. जवळून घेतलेली, गाडी उभी असलेली दृश्यंच प्रमाण माना.

मापं काढायची पद्धत साधी आहे. आपल्या गाडीवरचा एखादा कारखान्यातून आलेला भाग मोजा: दाराचं हँडल, बंद हेडलाइटचं झाकण, चाकावरची टोपी. तोच भाग थांबवलेल्या दृश्यात शोधा आणि त्याच्या प्रमाणात बाकीचं मोजा. त्याआधी चाकं गोल दिसताहेत ना ते बघा. मालिका जुन्या चार-तीन चौकटीसाठी बनलेली आहे. रुंद पडद्यासाठी ताणलेल्या प्रतीत चाकं अंडाकृती होतात आणि त्यावर घेतलेलं प्रत्येक माप फसतं. या एका गोष्टीने माझे दोन महिने खाल्ले.

गाडी घेताना

तिसऱ्या पिढीच्या फायरबर्ड १९८२ ते १९९२ पर्यंत बनल्या, पण किटसाठी १९८२, १९८३ किंवा १९८४ चं मॉडेल घ्या. १९८५ पासून पुढचा भाग आणि बॉनेट बदललं. त्या सालातली गाडी स्वस्तात मिळाली तरी हवं ते बॉनेट शोधण्यात वाचलेले पैसे परत जातात.

विक्रेत्याच्या सांगण्यापेक्षा चॅसी नंबर खरं बोलतो. तो चालकाच्या बाजूला काचेखाली, डॅशच्या कोपऱ्यात असतो आणि बाहेरून वाचता येतो. सतरापैकी पाचवं अक्षर डब्ल्यू असेल तर गाडी ट्रान्स ॲम, एस असेल तर साधी फायरबर्ड. दहावं अक्षर साल सांगतं: सी म्हणजे १९८२, डी म्हणजे १९८३, ई म्हणजे १९८४. अकरावं अक्षर कारखाना सांगतं: एल म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज, एन म्हणजे ओहायोतलं नॉरवुड. नॉरवुडचा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. तो आमच्या घरापासून फार लांब नव्हता. माझ्या गाडीच्या नंबरात एन आहे हे बघितलं त्या दिवशी मी फार खूश होतो. पडद्यावरच्या किटशी त्याचा काही संबंध नाही, पण आपली गाडी आपल्याच गावाजवळ जन्मली याचं सुख वेगळं असतं.

साधी फायरबर्ड घेऊन ट्रान्स ॲम करता येते, मात्र खर्च आधी मांडा. एका बाजूला सरकलेला फुगवटा असलेलं बॉनेट, पुढच्या मडगार्डवरच्या हवेच्या झडपा, मागचा स्पॉयलर, चाकं, हे सगळं वेगळं शोधावं लागतं. किटचं छत काढता येणाऱ्या दोन काचांचं, म्हणजे टी-टॉप आहे. नसलेला टी-टॉप नंतर कापून बसवायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. तो असलेलीच गाडी घ्या.

१९८२ च्या ट्रान्स ॲमच्या इंजिनात दोन पर्याय भेटतील. ५ लिटरचं, चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं व्ही-८ आणि त्याचंच, कार्ब्युरेटरऐवजी 'क्रॉस-फायर' नावाच्या इंधन-इंजेक्शनचं भावंड. १९८२ मध्ये पहिल्याची ताकद १४५ हॉर्सपॉवर होती, दुसऱ्याची १६५. आजच्या मानाने दोन्ही बेताचेच. मी कार्ब्युरेटरचं घेतलं, कारण ते समजणारी माणसं आणि सुटे भाग सहज मिळतात. बॉनेटखाली काय आहे ते कोणी विचारत नाही, पण गाडी रस्त्यात बंद पडली तर सगळे बघतात.

गंज बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. टी-टॉपची रबरं गळतात आणि पाणी थेट पायाखाली जातं, तेव्हा गालिचा उचलल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा खोलगट तळ आणि पुढच्या सस्पेन्शनचे वरचे पाट, तिन्हीवर बॅटरी मारून बघा. मग दार अर्धवट उघडा आणि खालच्या टोकाला धरून उचला. या गाड्यांची दारं लांब आणि जड, त्यामुळे बिजागऱ्यांच्या पिना झिजतात आणि दार लोंबतं. ही युक्ती मला गाड्यांच्या एका मेळाव्यात भेटलेल्या आजोबांनी शिकवली. उमेदीच्या काळात ते नॉरवुडच्या कारखान्यात होते. माझ्या गाडीचं दार त्यांनी नुसतं हाताने तोललं आणि म्हणाले, "पिना बदल, मग फटी जुळव. उलट केलंस तर दोनदा करशील." त्यांचं ऐकलं म्हणून माझ्या गाडीच्या दाराच्या फटी आजही सरळ आहेत.

चालती गाडी

या टप्प्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही, म्हणून बरेच जण तो उडी मारून ओलांडतात. तसं करू नका. ब्रेकचे पाइप, रबरी नळ्या, इंधनाची टाकी, रेडिएटर, सस्पेन्शनची रबरं, सगळं चाळीस वर्षांचं आहे. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. जाळी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षं ओलांडलेला टायर काढा. हेडलाइट वर-खाली करणाऱ्या मोटरी उघडून साफ करा, कारण एक डोळा उघडा आणि एक मिटलेला अशी किट बघवत नाही. गाडी निदान एक उन्हाळा साध्या ट्रान्स ॲमसारखी चालवा. तिच्या सगळ्या खोडी डॅश बंदिस्त होण्याआधी कळलेल्या बऱ्या.

नाक

किटचं किटपण नाकात आहे. मूळ ट्रान्स ॲमच्या नाकात दोन नाकपुड्यांसारख्या खाचा असतात. किटचं नाक जास्त लांबट आणि सपाट, आणि मधल्या खाचेत स्कॅनर. हा भाग फायबरग्लासमध्ये तयार मिळतो, पण सगळे साचे सारखे नसतात. साच्यावरून साचा काढत गेलं की कडा गोल होत जातात आणि रुंदी आक्रसते. मी पहिल्यांदा घेतलेलं नाक डावीकडे बोटभर वाकडं होतं. विकणाऱ्याने परत घेतलं नाही. म्हणून मागवण्याआधी समोरून बरोबर मध्यावर उभं राहून काढलेला फोटो मागा, आणि त्याच साच्यातलं नाक गाडीवर बसवलेलं कुठे पाहता येत असेल तर चार तास गाडी हाकून जा. इंडिकेटरच्या दिव्यांना जागा आहे का तेही विचारा. इंडिकेटर नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

नाक घरी आलं की लगेच रंगवू नका. ताज्या फायबरग्लासमधला रेझिन आवळत राहतो. मी ते गाडीवर ढिलं बोल्ट करून एक अख्खा उन्हाळा उन्हात राहू दिलं, मग फटी जुळवल्या. आधी बॉनेट, मडगार्ड आणि दारं एकमेकांशी जुळवा आणि नाक शेवटी त्यांच्याशी जुळवा. बोल्टची भोकं थोडी मोठी ठेवून मागे रुंद वॉशर घाला, कारण लोखंड आणि फायबरग्लास उष्णतेने सारखे फुगत नाहीत. घट्ट आवळलेलं नाक भोकापाशी तडकतं. घासताना धूळ छातीत जाते, त्यासाठी साधा कापडी मास्क पुरत नाही. फिल्टरचा मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे वापरा.

काळा रंग

काळा रंग काहीही लपवत नाही. पांढऱ्या गाडीवर दिसणार नाही असा पोचा काळ्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं करून दाखवतो. म्हणून नव्वद टक्के काम रंगाच्या आधीचं. लांबी (पुट्टी) भरून झाली की हाताने घासू नका, बोटांच्या खुणा खोलगट उमटतात. लांब, सरळ ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून तिरक्या रेघांत घासा. प्रायमरवर वेगळ्या रंगाचा पातळ फवारा मारून घेतला की घासताना उंच जागा आधी उघड्या पडतात आणि खोलगट जागांत तो रंग टिकून राहतो. तो सगळा निघेपर्यंत थांबायचं नाही.

घासण्याचं काम घरी करा, शेवटचा रंग मात्र रंगाच्या बंद खोलीत व्यावसायिकाकडून मारून घ्या. पैसे वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत. गाडीवरची पक्ष्याची चित्रं, नावं, बोधचिन्हं रंगाच्या आधी काढा आणि त्यांची भोकं बुजवा. चाकांवर १९८२ च्या ट्रान्स ॲमच्याच ॲल्युमिनियम रिम्स आणि त्यावर 'बोलिंग बॉल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घुमटदार काळ्या टोप्या हव्यात. मागचे दिवे पडद्यावर गडद दिसतात, पण ब्रेकचा दिवा मागच्या माणसाला दिसायला हवा. प्रदर्शनापुरतं लावायचं, काढता येणारं गडद आवरण करा, दिव्यावर रंग मारू नका. सीट फिकट तपकिरी, पॉन्टिॲकच्या त्या काळच्या 'पीएमडी' अक्षरांच्या. त्या जुन्या बाजारात मिळतात, घाई नको.

वायरिंग

गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावू नका. किटचे दिवे, पडदे, आवाज या सगळ्यासाठी बॅटरीपासून वेगळी जाड वायर काढा. बॅटरीपासून वीतभर अंतरात तिच्यावर मुख्य फ्यूज बसवा, पुढे वेगळा फ्यूज बॉक्स, आणि तो चावी फिरवल्यावरच जिवंत होईल असा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर लावा आणि वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांनी डॅशच्या आत डोकं घालून उलटं पडलेलं असताना ती वही सोन्यासारखी वाटते.

गाडी चालू असताना १२ व्होल्ट नसतात, १४ च्या वर जातात, आणि स्टार्टर फिरताना खूप खाली येतात. इलेक्ट्रॉनिक भागांना ५ व्होल्ट लागतात, त्यासाठी गाडीत वापरायच्या दर्जाचे कन्व्हर्टर घ्या. बोलण्याच्या स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी शीळ ऐकू आली तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो. ॲम्प्लिफायर, पडदे आणि दिवे यांची अर्थिंग तीन ठिकाणी न देता एकाच जाड बिंदूवर आणा.

डॅशबोर्ड

रंगानंतरचा सगळ्यात मोठा खर्च हा. सांगाडा तयार घ्यावा, आतली मांडणी स्वतः करावी, असं माझं मत आहे. सांगाडा फायबरग्लासचा असतो. मूळ डॅश काढून त्या जागी तो बसतो, म्हणून मूळ स्पीडोमीटरवरचा आकडा काढण्याआधी फोटोसह नोंदवा आणि ते यंत्र जपून ठेवा. गाडी विकताना हा कागद लागतो.

किटच्या डॅशवर शोभेचे दिवे खूप, पण चालकाला लागणारे आकडे खरेच हवेत. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. त्या केबलला विद्युत स्पंद देणारा छोटा जनित्र-सेन्सर जोडला की डिजिटल आकडे खरे होतात. जीपीएसवरही चालतं, मात्र बोगद्यात ते मुकं होतं. इंधनाच्या टाकीतला फ्लोट रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम दाखवतो, त्यावरून पट्टीदार मीटर बनवता येतो. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान मात्र मी दोन साध्या काट्यांच्या मीटरवर ठेवलंय. ते हातमोज्यांच्या कप्प्यात, न दिसणाऱ्या जागी आहेत. इंजिन वाचवणाऱ्या गोष्टी घरी बनवलेल्या सर्किटवर सोडू नयेत.

बटणं आणि त्यांवरची अक्षरं हे अचूकपणाचं खरं क्षेत्र. आवाजाच्या दिव्याखाली तीन ओळी उजळतात: 'ऑटो क्रूझ', 'नॉर्मल क्रूझ', 'परस्यूट'. दोन्ही बाजूंना 'एअर', 'ऑइल', 'एस१', 'पी१' अशी छोटी बटणं. अक्षरं छापताना काळ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक अक्षरांची फिल्म काढा, तिच्यामागे रंगीत जिलेटिन आणि त्यामागे दिवा. दिवा बंद असताना बटण जवळजवळ काळं दिसायला हवं. दिवसा अक्षरं वाचता येत असतील तर मधला थर पातळ झालाय.

हल्ली थ्रीडी प्रिंटरने बटणांचे कप्पे सहज निघतात. पण पीएलए हे नेहमीचं प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि जुलैच्या उन्हात बंद काळ्या गाडीचा डॅश तेवढा तापतो. माझ्या बटणांची अख्खी एक ओळ एका दुपारी वितळलेल्या गुळासारखी झुकली. एबीएस किंवा एएसए वापरा.

मूळ गाडीत छोटे चित्रनळीचे टीव्ही होते. सपाट एलसीडी पडदा लावला की तो फारच नवा दिसतो. त्याच्यापुढे किंचित फुगीर, धुरकट काचेचा तुकडा लावून उजळपणा निम्मा केला तर फरक पडतो.

स्टिअरिंगचं ते पंखासारखं अर्धं चाक विकत घ्या. घरी फायबरग्लासचं बनवू नका. आत पोलादी सांगाडा आणि गाडीच्या दांड्याला बसणारा योग्य हब हवाच. १९८२ च्या गाडीत एअरबॅग नाही, त्यामुळे ती अडचण येत नाही. पण पूर्ण वळवताना हात धरायला वरची कड नसते. रिकाम्या मैदानात पार्किंग करून सराव करा, मगच रस्त्यावर या.

आवाजाचे तीन पट्टे

किटला विल्यम डॅनियल्स यांनी आवाज दिला आणि त्या आवाजाबरोबर पट्टे उघडझाप करतात. मधला पट्टा उंच, बाजूचे दोन आखूड, आणि उजेड मध्यापासून वर आणि खाली एकाच वेळी पसरतो. खालून वर चढणारा पट्टा लावलात तर तो टेपरेकॉर्डरचा मीटर वाटतो.

जुनी पद्धत एलएम ३९१५ या चिपची. ती दहा दिवे तीन-तीन डेसिबलच्या पायऱ्यांनी पेटवते, त्यामुळे हळू बोललेले शब्दही दिसतात. एलएम ३९१४ सरळ पायऱ्यांची, तिच्यावर कुजबुज दिसतच नाही. प्रत्येक पायरीला वरचा एक आणि खालचा एक असे दोन दिवे जोडले की आरशासारखा परिणाम मिळतो. हेच काम छोट्या मायक्रोकंट्रोलरनेही होतं. कशानेही करा, दिवे चढायला झटपट आणि उतरायला किंचित सावकाश ठेवा. उतार फार जलद ठेवला तर पट्टे नुसते थरथरतात.

आणि आता स्कॅनर

इलेक्ट्रॉनिक्सचे छंदी लोक अशा धावत्या दिव्याला 'लार्सन स्कॅनर' म्हणतात, कारण लार्सन यांच्याच 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मधल्या सायलॉन यंत्रमानवांच्या डोळ्यातही तो होता. नवख्यांचा स्कॅनर ओळखायला येतो तो शेपटीवरून. मूळ दिवे तारेचे होते. तारेच्या दिव्याचा वीजपुरवठा तोडला तरी तार क्षणभर तांबूस धगधगत राहते, म्हणून धावत्या उजेडामागे विझत जाणारी शेपटी दिसते. एलईडी तत्काळ विझतो. एकेक एलईडी नुसता चालू-बंद केला तर तो दुकानाच्या पाटीवरचा दिवा होतो.

तेव्हा प्रत्येक दिव्याची प्रखरता वेगळी सांभाळा. पुढचा दिवा पूर्ण, मागचा त्याच्या निम्मा, त्यामागचा त्याच्याही निम्मा. आपला डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही, त्यामुळे ५० आणि १०० मधला फरक फार जाणवत नाही आणि ५ आणि १० मधला लगेच जाणवतो. शेपटीचं टोक बऱ्यापैकी मंद करा. टोकाला पोहोचल्यावर उजेड तिथे क्षणभर रेंगाळतो, तेवढी विश्रांती प्रोग्राममध्ये द्या. वेग अंदाजाने लावू नका. थांबवलेलं दृश्य एकेक चौकट पुढे सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती चौकटी लागतात ते मोजा आणि सेकंदाला किती चौकटी आहेत त्याने भागा. दहा वेळा मोजून सरासरी घ्या.

दिवे किती आणि केवढे हेही दृश्यांवरूनच मोजा. शेजारचा दिवा उजळू नये म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा हवा, आणि समोर लाल ॲक्रिलिकच्या मागे दुधी थर, म्हणजे एलईडीचा ठिपका दिसत नाही. खरेच तारेचे दिवे लावायचे असतील तर हिशेब करा: २१ वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर पावणेदोन ॲम्पिअर ओढतो आणि बंद खाचेत ॲक्रिलिक वाकवण्याइतका तापतो. मी एलईडीच ठेवले.

कायदा आणि रस्ता

समोरून दिसणारा लाल दिवा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चालत्या खासगी गाडीवर लावता येत नाही. स्वतःवर विश्वास ठेवून चालत नाही; बटण चुकून दाबलं जातं. माझा स्कॅनर हँडब्रेकच्या स्विचमधून जाणाऱ्या रिलेवर आहे. हँडब्रेक सोडला की तो विझतो. मुलगी गाडीत बसली की दर सिग्नलला "बाबा, लाव ना" म्हणते, तेव्हा हेच उत्तर सोपं पडतं.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी लागते, तिथे राहत असाल तर मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि नळ्या काढू नका. ओहायोत जुलै २०२० पासून पुढच्या नंबरप्लेटची सक्ती नाही, त्यामुळे नाकाची रेषा मोकळी राहते. निळ्यावर पिवळ्या अक्षरांची 'नाइट' प्लेट फक्त गाडी उभी असताना, खऱ्या प्लेटच्या जागी रस्त्यावर कधीच नाही. विमा संग्राह्य गाड्यांचा, ठरलेल्या किमतीचा घ्या आणि त्यासाठी सगळ्या पावत्या जपा. साध्या विम्यात ही गाडी चाळीस वर्षांची जुनी फायरबर्ड एवढीच धरली जाते.

पुणे-मुंबईकडून अनेकजण विचारतात, तिकडे जमेल का? वापरलेली, डाव्या स्टिअरिंगची, इतकी जुनी गाडी भारतातल्या सर्वसाधारण आयात नियमांत बसत नाही. इथलीच एखादी गाडी कापून किट करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि मूळ रचना बदललेल्या गाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट निकाल दिलेला आहे. तिथे राहून करायचं असेल तर पूर्ण मापाचा डॅश करा: सीट, स्टिअरिंग, दोन पडदे, बोलणारे पट्टे. अचूकपणाचं सगळं अवघड काम त्यातच आहे आणि तो खोलीत मावतो.

हिवाळ्यात

ओहायोत रस्त्यांवर मीठ टाकायला लागले की माझी गाडी आत जाते. टाकी भरून त्यात इंधन टिकवणारं द्रव्य घालतो, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवतो, बॅटरीला मेंटेनर लावतो कारण किटचे छोटे सर्किट बंद असतानाही थेंब-थेंब वीज पितात. टी-टॉपच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावतो आणि पायाखालचा गालिचा उचलून ठेवतो. वसंतात रस्त्यावरचं मीठ धुऊन नेणारा एक दमदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. ती नेहमी एकट्याने, रेडिओ बंद ठेवून, फक्त कुठे काय वाजतंय ते ऐकण्यासाठी.